शेवगावच्या वाटेवर व्हीबीएस: शनिवार ते शनिवार

मे महिना लागला की पुण्या-मुंबईच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधले (चर्चमधले) तरुण संघ ट्रंका, बाजाची पेटी आणि कार्डशीटच्या गुंडाळ्या घेऊन नगर जिल्ह्याकडे निघतात. सुट्टीतली बायबल शाळा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची व्हीबीएस, चालवायला. शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यात जायचं असेल तर मेच बरा. दिवाळीच्या सुट्टीत ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असतो आणि आईबापांबरोबर मुलंही कारखान्याच्या फडावर जातात. गाळप आटोपून माणसं मार्च-एप्रिलपर्यंत घरी येतात, तेव्हा वस्त्यांवर पुन्हा पोरांचा गलका सुरू होतो.

मेचे त्रास दोन, ऊन आणि लग्नं. उन्हावर वेळापत्रकाने मात करता येते, लग्नांवर नाही. म्हणून तारखा ठरवताना आधी कॅलेंडरमधले मुहूर्त बघायचे आणि मग गावच्या चर्चच्या पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) फोन करायचा. मुहूर्त कमीत कमी असलेला सोमवार ते शुक्रवार निवडायचा. त्यातही एखादा मुहूर्त येतोच, तो आपल्या नशिबी बुधवारी येतो असं धरून चालावं.

इथे हिशेब ८० मुलांचा, दहा जणांच्या टीमचा आणि गावातल्या सहा संडे स्कूल शिक्षकांचा धरला आहे. शिक्षक सहापेक्षा कमी असतील तर मुलं कमी घ्या, टीम वाढवू नका. बाहेरची माणसं जास्त झाली की गावातले शिक्षक मागच्या बाकावर जाऊन बसतात, आणि पुढच्या रविवारी वर्ग घ्यायला कोणी उरत नाही.

शनिवार: पुणे ते गाव

वाकडेवाडीहून शेवगावच्या बाजूची सकाळची पहिली एसटी धरायची. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव हा पट्टा एकदा तुंबला की १२० किलोमीटरच्या नगरला पोहोचायला दुपार होते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्याने खासगी गाडीपेक्षा खर्च बराच कमी येतो. अडचण असते ती सामानाची. दोन ट्रंका आणि पेटी यापलीकडे काही नेऊ नये. खेळाचं साहित्य, कार्डशीट, वह्या, रंग पुण्याहून घ्यायचे. जाड पोहे आणि शेंगदाणे नगरच्या डाळमंडईत घ्यायचे, तिथे तास-दीड तास मोडतो. तांदूळ, डाळ, तेल, साखर मात्र गावातल्या किराणा दुकानातूनच घ्यायची. दोन-चार रुपये जास्त पडतात, पण ऐन वेळी मीठ संपलं तर तोच दुकानदार दुपारी दोन वाजता फळी उघडतो.

नगर सोडलं की करंजी घाट, मग तिसगाव, आणि तिथून शेवगावचा फाटा. घाट उतरल्यावर बरड जमीन, बाभळी, नांगरून टाकलेली रानं आणि मध्येच पाणी असलेल्या बागायतदाराचा हिरवा तुकडा. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३मध्ये काम सुरू केलं आणि १८३१मध्ये नगरला ठाणं केलं. या भागातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांचा मागोवा घेतला तर तो त्या मिशनच्या गावशाळांपाशी जातो. म्हणजे पुण्याहून आलेली टीम इथे कुणाला काही नवीन सांगायला आलेली नसते. पाचव्या पिढीचे ख्रिस्ती समोर बसलेले असतात आणि म्हाताऱ्या बायांना गीतांची कडवी टीमपेक्षा जास्त पाठ असतात.

पोहोचल्यावर ‘सलाम’ होतो, चहा होतो. सामान सोडायच्या आधी एक काम असतं: चर्चच्या भोवती दोनशे मीटरचा फेरा. बरोबर गावातलं माणूस हवं. उघडी विहीर कुठे, विजेच्या डीपीचं झाकण उघडं आहे का, कुणाचं कुत्रं चावरं आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेततळं किती लांब आहे. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. पाण्याने तो इतका निसरडा होतो की पोहता येणारं मूलही काठ चढू शकत नाही. मे महिन्याच्या दुपारी पोरांना तिथेच जायचं असतं. जवळ शेततळं असेल तर मालकाला भेटून काठाला गाठी मारलेला जाड दोर बांधून घ्यायचा, आणि शिबिर सुटल्यावर मुलं घरी पोहोचेपर्यंत त्या वाटेवर मोठं माणूस उभं करायचं. शिबिराच्या वेळात फाटक बंद.

झोपण्याची सोय बहुधा पुरुषांची चर्चमध्ये आणि बायकांची पाळकबाईंच्या घरी. जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंथरूण भिंतीपासून हातभर लांब टाकावं आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. विंचू इकडे नवलाचा नाही. घोणस, मण्यार, फुरसं हेही या जिल्ह्याचेच. साप चावला तर दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना. म्हणून प्रतिसर्पविषाची लस जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे शनिवारीच फोन करून विचारायचं. तो नंबर, १०८ (रुग्णवाहिका), १०९८ (मुलांची मदतवाहिनी), पोलीस पाटील आणि वायरमन, एवढे पाच नंबर मोठ्या अक्षरात दाराशी चिकटवायचे. वायरमनच्या नंबराला आठवड्यात सगळ्यात जास्त काम पडतं.

रविवार: पालक आणि शिक्षक

सोमवारीच थेट उतरणाऱ्या टीम नेमका हा दिवस गमावतात. सकाळच्या उपासनेला बहुतेक आईवडील एका जागी भेटतात, तिथेच उपासनेनंतर अर्धा तास थांबवून नोंदणी उरकावी. नोंदणीपत्रात मुलाचं नाव, वय, वस्ती, पालकाचा फोन, कुठलं औषध किंवा पदार्थ चालत नाही, न्यायला कोण येणार, आणि खाली सही किंवा अंगठा. फोटो काढू द्यायचे की नाही याची वेगळी ओळ ठेवावी. दिले तरी मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. टीममधल्या कॉलेजच्या पोरांना हे दोनदा सांगावं लागतं.

खेळ आणि गाण्यांच्या ओढीने हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरांतली मुलंही येतात. त्यांच्या पालकांना घरी जाऊन स्पष्ट सांगायचं की इथे बायबलमधल्या गोष्टी सांगतात, प्रार्थना होते. हे ऐकूनही सही केली तरच मूल घ्यायचं. ‘येऊ दे हो, कोण विचारतंय’ असं पाळकसाहेब म्हणाले तरी सहीशिवाय नाही. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला शिबिराचं पत्र आधीच द्यावं, स्पीकर लावणार असाल तर परवानगी वेगळी. परदेशातले पाहुणे बोलावण्याचा मोह तर टाळावाच, पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला इथे धर्मशिक्षण देता येत नाही.

बक्षिसांचा विषयही रविवारीच मिटवावा. दप्तरं, टिफिन, टी-शर्ट वाटू नयेत. त्यातून गावात वाटेल तो अर्थ निघतो ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की पुढच्या वर्षी टीम आली नाही आणि गावच्या शिक्षकांनी स्वतः शिबिर घेतलं, तर मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, ‘बाई, दप्तर कधी देणार?’

दुपारी चार ते सात शिक्षकांची तयारी. गट चार: बालवाडी ते पहिली, दुसरी ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी. लहानांच्या गटात दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस, मोठ्यांच्या गटात बारामागे एक. कुठल्याही खोलीत एकटं मोठं माणूस मुलांबरोबर असू नये, दोन हवेतच. मुलींना स्वच्छतागृहाकडे बाईनेच न्यायचं, जोडीने. मुलाने काही वावगं सांगितलं तर ते बंद खोलीत मिटवण्याची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, पोलिसांना कळवायचं आणि मदतीला १०९८. पाळकांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांसमोर हे मोठ्याने वाचून दाखवावं.

प्रत्येक गटात गोष्ट सांगणारा गावचा शिक्षक आणि हाताखाली टीमचं माणूस, ही मांडणी उलटी होऊ देऊ नये. टीमवाल्यांना हे जड जातं. त्यांनी महिनाभर तालीम केलेली असते. करू द्या, पण गोष्ट गावच्या बाईंनी सांगितली की मुलं रस्त्यात भेटल्यावर त्यांनाच पुढचं विचारतात. ही शाळा मुळात जागेवरच्या माणसांनीच काढलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली एलायझा हॉज या बाईंनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी उन्हाळ्यात वर्ग सुरू केला, आणि जागा मिळेना म्हणून चक्क बिअर विकणाऱ्याचा हॉल भाड्याने घेतला.

सोमवार: नोंदणी आणि पायघोळ झगा

वेळ साडेसात ते साडेबारा. याहून उशिरा सुरू केलं तर मुलं भर उन्हात घरी जातात. साडेसातला नोंद, पावणेआठला प्रार्थना आणि गाणी, सव्वाआठला गोष्ट, नऊला नाश्ता, साडेनऊला खेळ, सव्वादहानंतर सगळं सावलीत: हस्तकला, पाठांतर, उजळणी. साडेअकराला जेवण, बाराला हजेरी, मग वस्तीवार घरी.

नोंदणी ८० जणांची झालेली असते आणि दारात शंभरावर पोरं उभी असतात. वाढीव मुलं बहुतेक कडेवरची. आठ-दहा वर्षांच्या मुलीबरोबर तिचं दोन वर्षांचं भावंड येतंच, कारण आई कामाला गेलेली असते. त्याला परत पाठवलं तर ती मुलगीही गेली. म्हणून एक गोधडी, दोन आज्या आणि थोडी खेळणी असा पाचवा कोपरा आधीच मांडून ठेवायचा. सही नसलेल्या मोठ्या मुलांना मात्र नोंदणीपत्र देऊन घरी पाठवायचं, ती पंधरा मिनिटांत अंगठा घेऊन येतात.

नावाच्या चिठ्ठ्यांना टाचण्या नकोत. टोचतात, हरवतात. पुठ्ठ्याचा तुकडा आणि लोकरीचा दोरा, गटाप्रमाणे दोऱ्याचा रंग. घरी जाताना चिठ्ठी गोळा करून खिळ्यांच्या फळीवर टांगायची. दुसऱ्या दिवशी फळीवर उरलेल्या चिठ्ठ्या म्हणजे गैरहजर मुलं, हजेरी पुकारायचा वेळ वाचतो. हजेरीची वही मात्र वस्तीवार ठेवा, वर्गवार नाही. संध्याकाळी एखादं मूल पोहोचलं नसेल तर शोध वस्तीवरूनच सुरू होतो.

पाच दिवस एकच गोष्ट चालवावी. रोज नवीन दृष्टान्त घेतला तर शुक्रवारपर्यंत सगळ्यांची खिचडी होते. योसेफाची गोष्ट (बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, अध्याय ३७ ते ५०) या भागात चपखल बसते: भावंडांची भांडणं, कोरडा खड्डा, दुष्काळ, धान्यासाठी दुसऱ्या मुलखात जाणं. यातलं काहीच मुलांना समजावून सांगावं लागत नाही. सोमवारी झगा आणि स्वप्नं. मंगळवारी खड्डा, विक्री, पोटीफराचं घर, खोटा आरोप. आरोप काय होता हे धाकट्या दोन गटांना सांगायची गरज नाही, ‘केलं नव्हतं ते केलं म्हणाले’ एवढं पुरतं. बुधवारी तुरुंग आणि मिसरचा राजा फारो याच्या स्वप्नातल्या सात धष्टपुष्ट आणि सात रोडक्या गाई. गुरुवारी दुष्काळ आणि धाकटा भाऊ बन्यामिन याच्या गोणीतला प्याला. शुक्रवारी ओळख आणि क्षमा.

मंगळवारच्या भागात शिक्षकाने सावध असायला हवं. योसेफ वीस रुप्यांना विकला गेला हे ऐकल्यावर एखादं पोरगं सहज विचारतं, ‘म्हणजे उचल घेतली का?’ ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतं, आणि ती फिटेस्तोवर कोयता सुटत नाही हे त्या मुलाने घरात पाहिलेलं असतं. शहरातून आलेला ताई-दादा इथे हसतो किंवा गडबडतो. गावचे शिक्षक शांतपणे म्हणतात, ‘उचल आईबाप घेतात, घर चालवायला. इथे भावांनी भावाला विकलं.’ आणि पुढे जातात. मुलाला त्याच्या आईबापांची लाज वाटता कामा नये, एवढं जपलं की झालं.

ही मुलं वर्षाचे पाच-सहा महिने शाळेबाहेर असतात. सहावीतल्या मुलाला सलग वाचता येत नाही हे नेहमीचं. तेव्हा ‘उभा राहा आणि वचन वाच’ हा प्रकार पूर्ण बंद. पाठांतराला मोठ्यांना उत्पत्ती ५०:२० अख्खं, लहानांना त्यातलं अर्धं, आणि ते हातवाऱ्यांसह, टाळीच्या ठेक्यावर. गाणी एकूण पाच, त्यातली तीन गावात येत असलेलीच. आठवड्यात दोन नवी पुरतात.

मंगळवार: स्वयंपाकघर, पंखा आणि फेव्हिकॉल

निम्मा खर्च आणि निम्मी चिडचिड स्वयंपाकघरात होते. आचारी गावचाच हवा, स्त्री मंडळातल्या दोघी-तिघी मदतीला. ८० मुलांच्या पोह्यांना जाड पोहे ५ किलो, कांदे २ किलो, बटाटे २ किलो, शेंगदाणे पाऊण किलो, तेल पाऊण लिटर, लिंबं १५, कोथिंबिरीच्या दोन जुड्या. मिरची निम्म्या प्रमाणात टाका, पोह्यात तिखट लागलं की लहान मुलं ताटातच सोडतात आणि दहाला भूक भूक करतात. ५ किलो पोहे एकदम भिजवले की तळाचा गोळा होतो. दीड-दीड किलोच्या घाण्याने चाळणीत धुवायचे, निथळू द्यायचे आणि फोडणी दोनदा करायची. दुसरी कढई पहिली वाढताना उतरली पाहिजे, नाहीतर शेवटच्या गटाला वातड पोहे मिळतात.

दुपारच्या मुगाच्या खिचडीला, मुलं आणि २० मोठी माणसं धरून, तांदूळ ७ किलो, मूगडाळ ३ किलो, पाणी ३० लिटरच्या आसपास. पातेलं ६० लिटरचं तरी हवं. ४० लिटरच्या पातेल्यात भागवायला जाल तर उतू जाते, आणि ते टाळायला पाणी कमी घातलं की तळाला लागते. लागलीच तर ढवळू नका. वरची खिचडी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, तळाला हात लावू नका, वास वर येत नाही. भट्टीला व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा, दुसरा भरलेला तयार.

ताट आणि पेला मुलांनी घरून आणायचा, मागे नेलपॉलिशने नाव. कागदी पत्रावळी आणल्या तर दुपारच्या वाऱ्यात त्या गावभर उडतात आणि सरपंचांचा फोन येतो.

पाणी: पिण्याचं रोज १४० लिटर, म्हणजे २० लिटरचे सात जार. हात-भांडी धुवायला ५०० लिटरची टाकी वेगळी. टँकरचं गाव असेल तर टँकर कधी येतो ते शनिवारीच विचारून टाकी आदल्या संध्याकाळी भरून घ्यायची. साडेदहाला सगळ्यांना लिंबाचं सरबत: १२ लिटर पाणी, १ किलो साखर, २५ लिंबं, मीठ.

हस्तकलेत मंगळवारी झगा होतो. २२ बाय २८ इंचांच्या कार्डशीटमधून ७ बाय ११चे आठ तुकडे निघतात, ८० मुलांना दहा शीट आणि फाटलेल्या-चुकलेल्यांसाठी दोन जास्त. झग्याचा आकार आदल्या रात्री कापून ठेवायचा. वर चिकटवायला शिंप्याकडच्या चिंध्या, त्या तो फुकट देतो. कात्र्या ८० आणता येत नाहीत आणि आणूही नयेत, त्यामुळे चिंध्याही आधीच नखाएवढ्या कापलेल्या हव्यात. फेव्हिकॉलच्या बाटल्या मुलांच्या हाती दिल्या की पहिल्या पाच मिनिटांत संपतात. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चमचाभर फेव्हिकॉल, चौघांत एक तुकडा, लावायला काडेपेटीची काडी. अर्धा किलो पुरतो. चमकी अजिबात नको, ती चर्चच्या फरशीतून नाताळपर्यंत निघत नाही.

खरा गोंधळ पंखा करतो. पंखा चालू ठेवला की चिंध्या आणि कागद खोलीभर, बंद केला की दहा मिनिटांत मुलं घामाने चिंब. उपाय साधा आहे. चिकटवण्याचं काम कडुनिंबाखाली सतरंजीवर, प्रत्येकाच्या कागदावर एक गोटा. मेणाचे खडू पत्र्याच्या खोलीत ठेवलेले असतील तर दुपारपर्यंत मऊ होऊन एकमेकांना चिकटलेले मिळतात, ते माठाशेजारी ठेवावेत.

गुरुवारच्या धड्याला धान्याची गोणी करतात आणि त्यावर गहू-ज्वारी चिकटवतात. पुस्तकात तसं दिलेलं असतं. ज्या घरांत धान्य मोजून पिंपात जातं तिथल्या मुलांना ज्वारी कागदाला चिकटवून फेकायला लावणं, आणि तेही दुष्काळाच्या धड्याला, हे शोभत नाही. चिंचोके घ्या. गावात पोतंभर मिळतात आणि चिकटतातही चांगले.

बुधवार: सगळं बिघडतं तो दिवस

तिसऱ्या दिवशी टीमचे घसे बसलेले असतात, दोघांना जुलाब होतात आणि हजेरी पंधरा-वीसने घसरते, कारण गावात लग्न. लग्नाला गेलेल्या मुलांचा राग धरू नये. मामाच्या लग्नापुढे व्हीबीएस कुठली टिकणार? त्यांच्यासाठी गुरुवारी सकाळी दहा मिनिटं ‘मागे काय झालं’ ठेवायची आणि ती उजळणी हजर असलेल्या मुलांकडूनच करून घ्यायची.

घसा वाचवायचा तर ओरडणं बंद. एकच शिट्टी, ती एकाच माणसाकडे. खोलीत टाळ्यांचा ठेका, मुलांनी तो परत वाजवायचा. लाईट गेली की स्पीकरवाले हवालदिल होतात. ज्यांनी पहिल्या दिवसापासून पेटी-ढोलकीवर गाणी घेतली त्यांना फरक कळतही नाही.

जुलाब झालेल्या टीमवाल्याने स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. ओआरएसच्या पुड्या संपल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजे टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला अपायच होतो. मुलाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, तर सावली, ओलं फडकं, घोट घोट पाणी. अंग भट्टीसारखं तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय, तर अंगावर पाणी मारत १०८ला फोन, घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. पालकांना विचारल्याशिवाय गोळी-औषध कुणाला द्यायचं नाही, औषधांच्या पेटीत पॅरासिटामॉल असलं तरी.

खेळांचा फोलपणाही याच दिवशी दिसतो. बाद होण्याच्या खेळात धाकटी आणि धीमी मुलं आधी बाद होतात, कडेला बसतात, मग हळूच घरची वाट धरतात. डॉजबॉल खेळायचाच तर बाद झालेल्याने दुसऱ्या संघात जायचं. लगोरी, रुमाल पळवणे, साखळी अशा खेळांत कुणी रिकामं बसत नाही. मुरमाच्या मैदानावर सकाळीच पाणी मारायचं, रेघा फक्कीच्या, आणि सव्वादहानंतर मैदान बंद.

रात्री नऊला टीमची बैठक वीस मिनिटांत संपवा. त्याहून लांबली की ‘भांडी रोज मीच घासतो’ सुरू होतं. भांड्यांची पाळी कागदावर लिहून भिंतीला लावली की निम्मी भांडणं मिटतात, उरलेली झोपेने.

गुरुवार: घरभेटी आणि कीर्तन

सकाळ बिनबोभाट जाते. दुपारी चारनंतर दोघा-दोघांनी, गावच्या शिक्षकाबरोबर, घरभेटी. एका जोडीने चार घरं बस्स. प्रत्येक घरी चहा होणारच, त्यामुळे अर्धा कप आधीच सांगावा. फोन खिशातच राहू द्यावा. मूल हुशार आहे हे आईसमोर सांगताना शेजारच्या मुलाशी तुलना करू नये.

संध्याकाळी प्रोजेक्टर लावून चित्रपट दाखवायची टूम आता फार आहे. नगर जिल्ह्यात त्याची गरज नाही, इथे कीर्तन आहे. कृष्णा रत्नाजी सांगळ्यांपासून चालत आलेली ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा या मातीतलीच, आणि नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) अभंग तिला मिळाले. पूर्वरंगात क्षमेचा अभंग, उत्तररंगात योसेफ आणि भावांची भेट, टाळ मुलांच्याच हातात. चाळीस मिनिटांवर नेऊ नका. त्या आठवड्यात देवळात हरिनाम सप्ताह चालू असेल तर वेळ विचारून घ्यावी आणि आपलं कीर्तन तासभर आधी उरकावं, नाहीतर दोन्हीकडचे स्पीकर एकमेकांवर चढतात. पखवाज वाजवणारा तर कधीकधी एकच असतो, तो दोन्हीकडे लागतो.

शुक्रवार: पालकांचा कार्यक्रम

सकाळी नेहमीचं शिबिर अर्ध्या वेळेत, मग रंगीत तालीम. कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचचा सांगा, साडेसहाला सुरू होईल. माणसं रानातून येऊन आंघोळ करून येतात, त्यात त्यांचा दोष नाही. प्रमाणपत्रं गुरुवारी रात्रीच, नोंदणीपत्र समोर ठेवून, एका सुवाच्य अक्षरवाल्याने लिहायची. नाव चुकलं तर त्या मुलाच्या लेखी पाच दिवस वाया. सगळ्यांना प्रमाणपत्र सारखं, पहिला-दुसरा नंबर नको.

नाटुकलीत योसेफ कोण यावरून रुसवे होतात. पाच प्रवेशांना पाच योसेफ करायचे, झगा एकच, पुढच्याच्या अंगावर चढत जाणारा. प्रेक्षकांना तेवढं बरोबर कळतं. भाषणं दोनच, सरपंच आणि पाळकसाहेब, आणि टीमच्या पुढाऱ्याने फक्त आभार मानायचे. सत्काराचे नारळ-टॉवेल येतातच. नाही म्हणू नये, पण ते स्वयंपाकघरातल्या बायकांना आधी द्यायला लावावेत. जनरेटर ठरवलेला असेल तर तो साडेपाचलाच चालवून बघा, डिझेल किती आहे ते डोळ्यांनी बघा.

शनिवार: हिशेब आणि सोपवणूक

सकाळी सातला झाडलोट, मैदानातला दोर-फक्की-काच-कागद सगळं वेचून. शेततळ्याचा दोर मालक ठेवतो म्हणाला तर तसाच राहू द्यावा. किराणा, गॅस, भट्टी-पातेल्यांचं भाडं, आचारी, वायरमन यांचे पैसे टीम गावात असतानाच चुकते करायचे आणि प्रत्येकाची पावती पाळकसाहेबांच्या वहीत. ‘नंतर ऑनलाइन पाठवतो’ हे बोलणं गावात फार दिवस लक्षात राहतं.

उरलेलं साहित्य परत नेण्यात अर्थ नाही. खडू, कार्डशीट, लोकर, चेंडू, टाळ यांची यादी करून दोन शिक्षकांच्या सहीने ट्रंकेत घालायचं, किल्ली त्यांच्याकडे. बरोबर वस्तीवार हजेरीची वही, गाण्यांची यादी आणि जूनपर्यंतच्या रविवारच्या धड्यांची पानं. नोंदणीपत्रांवर पालकांचे फोन आणि मुलांच्या आजारांची माहिती असते, म्हणून ती पाळकसाहेबांच्या कपाटात. टीमने त्यांचे फोटो काढून नेऊ नयेत. शिक्षक पुढच्या महिन्यात फोन करतील तेव्हा कुणाला करायचा ते एकच नाव ठरवून द्यावं, दहा जणांचे दहा नंबर दिले की कुणीच उचलत नाही.

पुण्याच्या एसटीत दुपारी जागा मिळत नाही, लग्नाची वऱ्हाडं असतात. आरक्षण बुधवारीच करून ठेवावं, आणि पेटी मांडीवर घेऊन बसायची तयारी ठेवावी.